थोडंसं पुढे

चि. बाळूस, मामाचे अनेक आशीर्वाद.

फ्लोरिडाहून सुट्टीला आलेला तुझा मित्र रविवारी ताईच्या हातचं थालीपीठ खाऊन गेला आणि जाता जाता बोलून गेला, की जिनी स्प्रिंग्जच्या पाण्याखालच्या गुहेत तू हल्ली 'थोडंसं पुढे' जातोस; टाकीतली एक तृतीयांश हवा संपली तरी वळत नाहीस. ताईला काही उमगलं नाही.

मामाला उमगलं. गेल्या दिवाळीत तूच तीन चकल्या मांडून त्याला शिकवलं होतंस: एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, तिसरा जोडीदाराचा. अगदी आतल्या टोकाला त्याची हवा गेली, तर दोघांनी एकाच्या टाकीवर परतायचं असतं. तुझं थोडंसं पुढे म्हणजे जोडीदाराची चकली खाणं झालं.

पाणी बारमाही २२ अंश, काचेसारखं, म्हणूनच फसवं. फिनचा एक फटका गाळाला लागला की स्वतःचा हात दिसत नाही. मग उरते ती दोरी आणि तिच्यावरचे बाहेरची दिशा दाखवणारे बाण. झऱ्याचा प्रवाह बाहेर ढकलतो, मान्य. पण सांता फे नदी फुगली की तिच्या काठच्या काही झऱ्यांत नदीच उलटी शिरते.

आणि अनुभवाचं सांगू नकोस. शेक एक्सली गणिताचा शिक्षक, हजारो वेळा गुहांत उतरलेला. १९७९ साली जीव वाचवण्याच्या नियमांचं पुस्तक लिहिलं त्यानेच. १९९४ साली मेक्सिकोतल्या झकाटोन विवरात तो फार खोल गेला, जिवंत वर आला नाही. १९९१ साली इंडियन स्प्रिंग्जमध्ये पार्कर टर्नर आणि त्याच्या जोडीदाराची परतीची वाट वाळू ढासळून बुजली. जोडीदार कसाबसा निघाला, टर्नर नाही निघाला. दोघेही मुरलेले होते रे!

मामा कोण लागून गेलाय रागवायला? पाठीचा भोपळा सुटून महिना झाला नव्हता, तेव्हा पैजेखातर तुझ्या आजोळच्या विहिरीत तो पाण्याखालच्या कपारीत शिरला होता. थोडंसं पुढे. चड्डी दगडात अडकली. फाटली म्हणून सुटला. चिंचेवर फाटली, असं आजीला सांगितलं. ती गेली तोवर खरं सांगायचं राहूनच गेलं. ताईला अजून ठाऊक नाही, तूही बोलू नकोस.

सोडून दे, असं तो म्हणणार नाही. तू पाठवलेला निळ्या पाण्यातल्या उन्हाचा फोटो त्याच्या चष्म्याच्या घरात आहे. फक्त बाहेर आलास की कळव. तिकडे दुपार असली तर इकडे मध्यरात्र असेल, असू दे. मामा जागाच असतो.

त्या पोरावर चिडू नकोस. त्याच्याबरोबर भाजणी पाठवली आहे. त्यातली अर्धी त्याला दे.