इमारत कोणाच्या पैशावर उभी आहे?

संगमनेरमध्ये एका शुक्रवारी जुमाच्या नमाजनंतर एक चाचा माझ्याजवळ येऊन बसले. एस.टी.च्या नोकरीतून निवृत्त होताना मिळालेली रक्कम त्यांनी व्याज नको म्हणून मुदत ठेवीत ठेवली नव्हती. आता मुलगा म्हणत होता की, शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या बांधकाम कंपनीचे समभाग घेऊ. "मौलाना, घरे बांधणे हलालच आहे ना?" मी घाईने ‘होय’ म्हणालो. रात्री त्या कंपनीचा ताळेबंद पाहिला आणि आपले उत्तर अर्धवट होते हे उमगले. पुढच्या शुक्रवारी मी ते चाचांसमोर मागे घेतले.

घर बांधणे, विकणे, भाड्याने देणे यांच्या वैधतेविषयी वादच नाही. प्रश्न भांडवलाचा आहे. भागधारकाचा पैसा हा शिरकतीचा, म्हणजे भागीदारीचा पैसा असतो. नफ्यातोट्यात तो सहभागी असतो. बँकेचे कर्ज आणि कर्जरोखे यांचे तसे नाही. इमारत विकली जावो वा न जावो, त्यांचे व्याज ठरलेले असते. दिव्य कुरआनने (सूरह अल्-बकरा, आयत २७५) व्यापार आणि व्याज यांच्यात जी सीमारेषा आखली आहे, ती ताळेबंदात नेमकी येथून जाते.

मुंबईच्या लोढा समूहाची, तेव्हा मॅक्रोटेक डेव्हलपर्स नावाची कंपनी पाहा. एप्रिल २०२१ मध्ये तिने ४८६ रुपये भावाने समभाग विकून २,५०० कोटी रुपये उभारले. त्यांतील १,५०० कोटी कर्जफेडीसाठी राखले होते, कारण त्या वेळी निव्वळ कर्ज सुमारे १६ हजार कोटी होते. नोंदणीच्या दिवशी व्यवहार ४८६ च्या खालीच सुरू झाले. नवा भागीदार पहिल्याच दिवशी तोट्यात होता, तर सावकाराला मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळत होते. भागीदार आणि सावकार यांतील फरक याहून स्पष्ट कोणता पाठ्यग्रंथ दाखवील? पुढे घरांची विक्री वाढली, मार्च २०२४ मध्ये कंपनीने बड्या संस्थांना समभाग विकून सुमारे ३,३०० कोटी आणले आणि त्या महिनाअखेर निव्वळ कर्ज सुमारे ३ हजार कोटींवर आले. म्हणजे एकाच कंपनीविषयी २०२१ चे उत्तर आणि २०२४ चे उत्तर एक असू शकत नाही.

बहरीनमधील ‘आओफी’ या संस्थेच्या शरीअत मानकानुसार व्याजी कर्ज कंपनीच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे आणि निषिद्ध उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत असावे. काही निर्देशांक बाजारमूल्याऐवजी एकूण मालमत्ता धरतात. हा फरक किरकोळ नाही. बाजारमूल्य १०० कोटी आणि कर्ज २८ कोटी असेल तर कंपनी मर्यादेत बसते. भाव पडून मूल्य ८० कोटी झाले की तेच कर्ज ३५ टक्के होते, एक रुपयाही नवा न घेता! शिवाय ही मर्यादा म्हणजे व्याजाला दिलेली मान्यता नव्हे. मुफ्ती तकी उस्मानी यांनी अट घातली आहे की, भागधारकाने वार्षिक सभेत व्याजी व्यवहाराविरुद्ध आवाज उठवावा आणि लाभांशातील व्याजाचा वाटा दान करावा. ही अट आपण सोयीस्करपणे विसरतो.

बांधकाम कंपनीला आणखी एक भांडवल मिळते, तेही बिनव्याजी: ग्राहकाचे हप्ते. हनफी फिकहमध्ये याला इस्तिस्ना म्हणतात. वस्तू घडविण्याआधी किंमत देणे येथे चालते. २०१६ च्या रेरा कायद्याने या रकमेचा ७० टक्के भाग त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले, म्हणजे एकाचा हप्ता दुसऱ्याच्या जमिनीत जाऊ नये. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा तिची बहुतांश कर्जे एचडीआयएल या शेअर बाजारात नोंदलेल्या बांधकाम समूहाकडे अडकलेली निघाली. खातेदाराला आरंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. त्या खातेदारांनी एचडीआयएलचा एकही समभाग घेतला नव्हता. तरी इमारती त्यांच्याच पैशावर उभ्या होत्या.

चाचांनी भाड्याचे विचारले. नगरहून पुण्यास जाताना वाघोली ओलांडली की खराडी, पुढे येरवडा येथे काचेची कार्यालये लागतात. त्यांपैकी काही माइंडस्पेस या रीटची, म्हणजे भाड्याच्या मालमत्तांच्या न्यासाची आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये तो बाजारात नोंदला गेला. युनिटविक्री ४,५०० कोटींची होती, पण नवे भांडवल १,००० कोटींचेच. उरलेली रक्कम जुन्या मालकांना गेली. नियमानुसार रीटला वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना द्यावे लागते. मूळ उत्पन्न भाड्याचे, म्हणून मन लगेच निश्चिंत होते. मात्र कायदा रीटला मालमत्तामूल्याच्या ४९ टक्क्यांपर्यंत कर्जाची मुभा देतो, शरीअत मानकाची मर्यादा त्याहून बरीच खाली आहे. दुसरे असे की, रीट आपल्याच उपकंपन्यांना कर्ज देते आणि त्यामुळे वाटपाचा काही भाग कागदोपत्री ‘व्याज’ म्हणून येतो. तो वस्तुतः भाडेच आहे की नाही, हे कागद पाहूनच मुफ्तींना विचारावे. माझ्यासारख्या इमामाने जुमाच्या गर्दीत सांगण्याची ती बाब नव्हे.

चाचांनी शेवटी मेव्हण्याबरोबर बाजारपेठेतील एक गाळा भागीदारीत घेतला. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीनुसार देण्याघेण्याचा कागद लिहून दोन साक्षीदार घेतले. उरलेल्या थोड्या रकमेसाठी मुलगा दर तिमाहीला दोन कंपन्यांचे कर्ज आणि बाजारमूल्य वहीत मांडतो. अजून त्याने एकही समभाग घेतलेला नाही.