रानची भाजी आणि हंड्यातील विष

(शास्त्रपाठ : २ राजे ४:३८-४१)

गिल्गालात दुष्काळ असता संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण भाजी आणावयास रानात गेला. रानवेलीची फळे त्याने ओटीभर आणिली व न ओळखताच हंड्यात चिरून टाकिली. ती कडू इंद्रावणाची असावीत, असे पुष्कळ टीकाकार मानितात. त्याच्या मनात कपट नव्हते. परंतु भल्या हेतूने विषाचा गुण पालटत नाही.

घाटनांदूर व बालाघाटाच्या कुशीतील मंडळ्यांनी हा पाठ पावसाळ्यात अवश्य घ्यावा. वारुळावरची अळंबी लोक आवडीने खातात. पण तिच्यासारखी दिसणारी काही भूछत्रे विषारी असतात. शेणावर उगवणाऱ्या काही जातींत सिलोसायबिन नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेल्यावर अर्ध्या-एक तासात रंग हलू लागतात, नाही ते दिसते, मनुष्य हसतो किंवा भयाने पळत सुटतो. लंडनात ऑक्टोबर १७९९ मध्ये एका कुटुंबाने ग्रीन पार्कातील अशी छत्रे शिजवून खाल्ली. आठ वर्षांच्या मुलाचे हसणे आईबापांच्या धाकानेही थांबेना. ही हकीकत डॉक्टर एव्हरार्ड ब्रँड यांनी लिहून ठेविली आहे.

आपल्याकडे शेजारी म्हणतील, झपाटले. आणि देवऋषीकडे नेतील. याहून नाजूक गोष्ट ही की, कोणी भाविक त्यास दर्शन समजेल. कॅटेकिस्ट बंधूंनो, तुमची कसोटी येथे आहे. याफो येथे पेत्राला दर्शन झाले तेव्हा तो उपाशी होता, आणि दाराशी आलेल्या माणसांनी त्या दर्शनाची साक्ष पटविली. विषाने दिसलेल्यास अशी साक्ष कोठून मिळणार? प्रार्थना जरूर करा, पण गाडीत बसून करा.

ज्या छत्राने सहा तासांनी वा अधिक उशिरा वांत्या-जुलाब होतात, ते फार भयंकर. मध्येच रोगी सुधारल्यासारखा भासतो, आणि आत यकृत नासत असते. आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानची छत्रे खाऊन तेरा जण दगावले. हे विष शिजवून जात नाही. चांदीचे नाणे काळे पडण्याची परीक्षाही खोटीच.

अलीशाने टाकिलेले पीठ हे देवाच्या सामर्थ्याचे चिन्ह होते, औषधाचा उतारा नव्हे. रोग्यास मिठाचे पाणी पाजून ओकविण्याच्या नादी लागू नये. १०८ वर गाडी मागवावी व अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. उरलेली अळंबी, कच्ची व शिजलेली, कागदात बांधून बरोबर घ्यावी. किती वाजता खाल्ली ते सांगावे. आणि त्या पंक्तीस बसलेल्या प्रत्येकास, अजून धडधाकट दिसणाऱ्यासही, त्याच गाडीत बसवावे.