सात मिलिमीटरचा मुतखडा : ऑपरेशन लागेल का?

प्रश्न : वय ४२, कापसाची शेती. कमरेतून जांघेत असह्य कळ येते. सोनोग्राफीत डाव्या मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला ७ मिमीचा खडा दिसला. दूध-टोमॅटो बंद करू का?
— एक वाचक, इचोडा

उत्तर : लगेच ऑपरेशन लागेलच असे नाही. ५ मिमीपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात. ५ ते १० मिमीचा, तोही खाली आलेला असेल, तर टॅमसुलोसिन या औषधाने मदत होते. ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. चार आठवड्यांत पडला नाही, तर दुर्बिणीने काढता येतो. नेमका आकार आणि जागा साध्या सीटी स्कॅनवर कळते.

मात्र थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर रात्र काढू नका. थेट आदिलाबादचे रिम्स रुग्णालय गाठा. अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला, तर जीव जाऊ शकतो.

लघवी गाळणीतून गाळा आणि पडलेला खडा तपासायला द्या. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. युरिक ॲसिडचा मात्र औषधाने विरघळतो, म्हणून ही तपासणी मोलाची.

दूध बंद करू नका! त्यातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. टोमॅटोही बेताने चालेल. कमी करायचे ते मीठ : लोणचे, पापड. बिअरने खडा पडतो, हा गैरसमज आहे. वेचणीला जाताना पाण्याचा कॅन सोबत न्या. दिवसाला दोन-अडीच लिटर फिकट लघवी व्हायला हवी.