शॉर्टवेव्हची खरखर : दोष संचाचा की आसपासचा?

हातातल्या रेडिओत मीडियमवेव्ह आणि शॉर्टवेव्हचे ग्रहण वेगवेगळ्या मार्गांनी होते. मीडियमवेव्हसाठी संचाच्या पोटात फेराइटची कांडी असते. ती दिशा धरते, म्हणून संच फिरवला की ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र कमी-जास्त ऐकू येते. शॉर्टवेव्ह बाहेरच्या सरकत्या दांडीवर येते. तिथे संच फिरवून फारसे काही साधत नाही. तळेगाव ढमढेरे येथे पुणे केंद्र खणखणीत लागते आणि शॉर्टवेव्हवर नुसती खरखर येते, तेव्हा संच बिघडला असे ठरवून लोक मोकळे होतात. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो.

तपास घड्याळापासून सुरू करावा. शॉर्टवेव्ह दूरवर पोहोचते ती आयनांबराकडून परत फिरून. दिवसा आयनांबराचा खालचा थर कमी कंप्रतेच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे भर दुपारी ४९ मीटरवर दूरचे केंद्र शोधणे व्यर्थ. दुपारी १६ किंवा १९ मीटर, दिवेलागणीनंतर ३१, ४१ आणि ४९ मीटर, असा क्रम ठेवावा. सूर्यावर वादळ उठले की हाही क्रम कोलमडतो. १० मे २०२४ रोजी आलेले भूचुंबकीय वादळ त्याआधीच्या वीस वर्षांतले सर्वांत तीव्र होते.

केंद्र अजून चालू आहे का, हेही पाहावे. बीबीसीचे हिंदी शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले, रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह त्याआधीच, २०१७ मध्ये. जुन्या वहीतल्या मीटरवर ती शोधत बसण्यात अर्थ नाही. कसोटीला चीनची केंद्रे बरी. सायंकाळी ती ३१ आणि ४१ मीटरवर जोरात असतात. तीही लागली नाहीत, तरच पुढे जावे.

पुढचा संशयित म्हणजे घरातली आणि शिवारातली वीज. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सौरपंपाचा कंट्रोलर, हे सगळे कमी-अधिक खरखर सोडतात. संच सेलवर चालू ठेवून घराचा मेन स्विच पाडावा. आवाज थांबला, तर चोर घरातच आहे. एकेक उपकरण लावत गेले की तो सापडतो. थांबला नाही, तर संच घेऊन शेताकडे चालू लागावे. जिथे आवाज वाढतो तिथे उगम. विजेच्या खांबाजवळ वाढणारी सलग घरघर फुटक्या इन्सुलेटरची किंवा सैल जंपरची असू शकते. ते काम वायरमनचे, आपण खांबाला हात लावू नये.

प्रस्तुत लेखकाच्या संचावर रात्रभर ठरावीक अंतराने टक्-टक् येई. संच एका कारागिराकडे गेला. त्याने आतल्या कॉइलचे गाभे फिरवले. टक्-टक् तशीच राहिली आणि केंद्रे मात्र डायलवर जागा सोडून बसली. आवाज निघाला शेजारच्या मक्याभोवतीच्या तारकुंपणात वीज सोडणाऱ्या झटका मशीनचा. तारेला गवत टेकले होते, तिथे ठिणगी पडत होती. मशीन बंद करून गवत कापले आणि संच शांत झाला.

यानंतर अँटेना. पत्र्याच्या घरात आणि सळईच्या स्लॅबखाली लहरी अडतात. ओसरीवर किंवा गच्चीवर फरक लगेच कळतो. दांडीला चिमट्याने पाच ते दहा मीटर वेष्टित तांब्याची तार जोडावी, खिडकीतून बाहेर नेऊन झाडाला किंवा बांबूला बांधावी, विजेच्या तारांपासून बरीच दूर. अधिक लांब तार म्हणजे अधिक स्टेशने, हा भ्रम आहे. स्वस्त संच तेवढा जोर पेलत नाही आणि एकच केंद्र दोन ठिकाणी वाजू लागते: ४५५ किलोहर्ट्झच्या मध्य-कंप्रतेच्या संचात खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खाली. असे झाले तर तार आखडावी. वळिवाचे ढग दिसताच ती काढून बाहेर टाकावी.

उरलेले दोष संचातले. दांडीला बोट लावूनही आवाजात फरक पडत नसेल, तर तिच्या बुडाचा स्क्रू सैल आहे किंवा आतली वायर तुटली आहे. बँडचा स्विच हलवताना कुरकुरत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. सेल उतरले की आवाज फाटतो. गंजलेली स्प्रिंग घासून साफ करावी. ॲडॉप्टरवर येणारी गुणगुण सेल घालताच गेली, तर ॲडॉप्टर बदलावा, संच नव्हे.

तरीही संच दुरुस्तीला द्यायची वेळ आली, तर कोणत्या मीटरवर, किती वाजता आणि कुठे बसून दोष जाणवला, हे कागदावर लिहून द्यावे, आणि मेणाने बंद केलेल्या कॉइलना हात लावू नये असे आधीच सांगावे.