रिसीव्हरचा अँटेना पक्का कसा बसवायचा? ५ पायऱ्या

आरसी विमानं बांधून किंवा दुरुस्त करून देणाऱ्यांसाठी आजचा धडा. व्हिडिओत हात चालताना दिसतात, पण कामाला बसल्यावर क्रम समोर हवा, म्हणून इथे लिहून देतोय.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. अँटेना निसटलेला असला तरी टेबलावर विमान मस्त चालू शकतं. ट्रान्समीटर हाताच्या अंतरावर असतो, त्यामुळे सिग्नल कसाही पोचतो. सर्वो हलतात, मोटर फिरते, आपण 'ओके' म्हणून मोकळे! तेच विमान लांब गेलं की संपर्क तुटतो. मैदानात माणसं असतात, पोरं असतात. त्यामुळे 'टेबलावर चाललं' ही तपासणी नव्हे.

१. कनेक्टर सरळ बसवा. २.४ गिगाहर्ट्झच्या बऱ्याच रिसीव्हरवर यू.एफ.एल. प्रकारचा इवलासा कनेक्टर असतो. तो टिचबटणासारखा दाबून बसतो, स्क्रू नाही की लॉक नाही. बॅटरी काढा, कनेक्टर नीट जागेवर ठेवा आणि सरळ खाली दाबा. 'टिक' असं बोटाला जाणवतं. काढताना वायर ओढू नका, कनेक्टरच सरळ वर उचला. हा साधारण ३० वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो. उगाच काढून बघायची सवय नको.

२. थेंबभर सिलिकॉन. कनेक्टर बसल्यावर त्याच्या कडेला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं ॲसिड तांबं गंजवतं. पातळ इन्स्टंट ग्लू तर नकोच, तो आत झिरपून संपर्कच बिघडवतो. हॉट ग्लू चालतो, पण उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडू शकतो.

३. ताण वायरवर येऊ देऊ नका. रिसीव्हरजवळ वायरला छोटा ढिला वळसा द्या आणि त्यापुढे ती टेपने बॉडीला धरून ठेवा. हिसका बसला तर तो टेपवर जाईल, कनेक्टरवर नाही. वायर कुठेही दुमडू नका.

४. टोक मोकळं आणि सरळ. शेवटचा सुमारे ३१ मिमीचा उघडा भाग हाच खरा अँटेना. लहर साधारण १२.५ सेंमीची, तिचा हा चौथा हिस्सा. तो कापू नका. बारीक प्लास्टिक नळीत सरळ ठेवा. बॅटरी, मोटरच्या वायरी आणि कार्बन फायबरपासून लांब. दोन अँटेना असतील तर एकमेकांशी ९० अंशात.

५. रेंज चेक. प्रोपेलर काढा. ट्रान्समीटर रेंज चेक मोडवर घ्या, म्हणजे त्याची पॉवर कमी होते. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर जा, अनेक सेटमध्ये ते ३० पावलं असतं. मदतनिसाला विमान सगळ्या दिशांना फिरवायला सांगा. सर्वो कुठेही अडखळले तर पुन्हा पहिल्या पायरीवर या. शेवटी ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली, तर फेलसेफ सेट करायचा राहिलाय.

आता धंद्याचं बोलू. या कामाला वेळ लागतो, तो फुकट देऊ नका. बिलात 'अँटेना आणि रेंज तपासणी' अशी वेगळी ओळ लिहा आणि पाचवी पायरी ग्राहकासमोर करा. त्याला पैसे कशाचे ते कळतं, आणि विमान तपासून दिलंय हे दोघांनाही माहीत असतं.

गृहपाठ: दुकानात डिलिव्हरीला तयार असलेलं एक विमान घ्या आणि आजच पाचवी पायरी करा. काय सापडलं ते कमेंटमध्ये सांगा!