दंतवैद्यकाचा प्रवेश आणि समाजसेवा



गेल्या महिन्यात मढच्या जेट्टीवर शाळेची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता बारावी सायन्सला आहे. म्हणाली, "बाई, मला दातांची डॉक्टर व्हायचंय. समाजसेवेचं सर्टिफिकेट असेल तर अ‍ॅडमिशनला मार्क मिळतात म्हणे. एक जण पैसे घेऊन काढून देतोय. घेऊ का?"

मी म्हटलं, "अजिबात नको." हाच प्रश्न इतरही घरांत असेल, म्हणून आजचा पाठ याच विषयावर.

१) आपल्याकडे प्रवेश कसा होतो?

बी.डी.एस.चा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. एकूण गुण ७२०. त्यात भौतिकशास्त्र १८०, रसायनशास्त्र १८० आणि जीवशास्त्र ३६०. बारावीला या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राज्याच्या जागांची यादी सीईटी सेल लावतो. मुलाखत नसते आणि समाजसेवेला एकही गुण नसतो. म्हणजे ते विकतचं सर्टिफिकेट इथे काहीच कामाचं नाही.

२) मग ही समजूत आली कुठून?

अमेरिकेत दंतवैद्यकाच्या प्रवेशाला परीक्षेच्या गुणांबरोबर निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत आणि समाजसेवाही पाहतात. तिकडचे व्हिडिओ आपली मुलं बघतात आणि इथेही तसंच असेल असं वाटतं. पण तिथेही नुसता कागद पुरत नाही. काय केलं, किती दिवस केलं, त्यातून काय शिकलात, हे सांगता आलं पाहिजे.

३) आपल्याकडे सेवा कुठे येते?

ती प्रवेशानंतर येते. बी.डी.एस. म्हणजे ४ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष इंटर्नशिप. अभ्यासक्रमात सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र हा विषय आहे. इंटर्नशिपमध्ये ३ महिने सामुदायिक व ग्रामीण सेवेसाठी असतात. दात तपासणी शिबिरं, शाळांना भेटी ही कामं तेव्हा करावी लागतात.

४) मग आत्ता सेवा करायचीच नाही का?

करायची, पण गुणांसाठी नाही. आपल्या भागात काही घरांत अजून मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्याने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. दुसरी गोष्ट, साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे पालकांना ती दुधाचीच वाटते. "किडली तर किडली, पडणारच आहे," असं म्हणतात. ती पडली तर पुन्हा येत नाही!

मी त्या मुलीला एका शनिवारी वर्गात बोलावलं. तिने ब्रश कसा करायचा ते अर्धा तास दाखवलं. एक मुलगा लाजून तोंडच उघडेना. मग ती खाली बसली आणि स्वतःची सिमेंट भरलेली दाढ त्याला दाखवली. तो हसला आणि त्यानेही "आ" केलं. जाताना म्हणाली, "बाई, हे काम मला आवडेल." कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा हे कळणं मोलाचं आहे. पाच वर्षं अभ्यास करण्याआधी, लोकांच्या दुखण्याजवळ बसणं आपल्याला जमतं का, हे तपासून बघा.

लक्षात ठेवा : आपण फक्त माहिती द्यायची. कुणाच्या तोंडात हात घालायचा नाही, औषध सांगायचं नाही. आणि अभ्यासाचा वेळ मोडायचा नाही.

स्वाध्याय
१. 'नीट'मध्ये सर्वांत जास्त गुण कोणत्या विषयाला आहेत?
२. सहाव्या वर्षी येणारी दाढ का जपायची?
३. उपक्रम : घरातल्या लहान भावंडाला आठवडाभर रोज रात्री ब्रश करायला लावा. काय अडचण आली ते पाच ओळींत लिहा.