कालव्याकाठचे चिंतन

जपानमधील क्योटो शहर पर्यटकांनी गजबजलेले असते. तेथील गिंकाकुजी मंदिराजवळून मात्र कालव्याच्या काठाने सुमारे 2 किलोमीटरची शांत पायवाट जाते. कालव्यात बिवा सरोवराचे पाणी संथ वाहते. चेरी फुलल्यावर येथेही गर्दी होते. तेव्हा पहाटेच जावे!

1910 ते 1928 या काळात क्योटो विद्यापीठात शिकवणारे निशिदा कितारो येथून चिंतन करत चालत, म्हणून ही ‘तत्त्वज्ञाची वाट’. याच वर्षांत त्यांचा तरुण मुलगा गेला, पुढे पत्नीही. तरी चिंतन सुटले नाही.

साधकांनो, आपल्या फेरफटक्यात चिंतन किती आणि मोबाईल किती? मी तो घरी ठेवून निघतो. पण कोपऱ्यावरून अनेकदा परत वळतो.